तुटायच्या आधी

"थांबीव! थांबीव की गं!"

अक्का लांबून ओरडायच्या आणि माझा हात पोचायच्या आत स्वतःच पळत येऊन बटण दाबायच्या. कागलच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. धातू तपासायचं खातं अक्कांचं आणि मी त्यांच्या हाताखाली. आमचं मशीन धातूची कांडी दोन्ही टोकांनी ओढायचं. सगळं जग ती तुटेपर्यंत ओढतं. आमच्या बाईंना मात्र तुटलेली कांडी डोळ्यांसमोर नको.

"तुटल्यावर आंधळ्यालाबी कळतंय. आदी आत काय चाललंय ते बघाय पायजे," हे उठता-बसता.

मग ती अर्धवट ओढलेली कांडी उभी कापायची, चकचकीत घासायची आणि मायक्रोस्कोपखाली धरायची. आम्ही ॲल्युमिनियममध्ये कठीण कण मिसळून मोटारसायकलच्या ब्रेकच्या चकत्या करायचो. ताण आला की ॲल्युमिनियम लांबतं, कण लांबत नाहीत. मग कणांच्या कडेला बारीक भोकं पडतात, वाढतात, एकमेकांना जाऊन मिळतात. बाहेरून बघाल तर कांडी ठणठणीत!

एका जागी बसणं अक्कांना ठाऊकच नव्हतं. एक चहा खिडकीत गार होतोय, दुसरा मशीनवर. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, त्यांच्याकडे बघूनच आपल्याला दम लागतो.

"अक्का, बसा की घटकाभर."

"बसून काय करू? तिकडं आत फाटाय लागलंय!"

चकत्यांची पहिली मोठी ऑर्डर यायची होती. पुण्याचे साहेब येणार, त्यांच्यासमोर कांड्या तोडून दाखवायच्या. मालकांनी चार-चारदा बजावलेलं. साहेब आले, मालकांनी हसतमुखानं कपाट उघडलं, आणि बघतात तर काय, झाडून सगळ्या कांड्या कापलेल्या!

"अहो, तोडायला एक तरी ठेवायची!" मालकांचा आवाज पार भट्टीपर्यंत गेला.

अक्कांनी थेट साहेबांनाच मायक्रोस्कोपकडं नेलं. "बघा की पावणं. पिठल्यात होत्यात तशा कणांच्या गुठळ्या झाल्यात. तिथं भोकं लवकर जुळत्यात. भट्टीतला वितळलेला रस ढवळाय कमी पडलाय. मी सही करणार न्हाय. ह्या गाड्यांवर माणसं बसत्यात."

साहेबांनी जेमतेम डोळा लावला, घड्याळ बघितलं आणि निघाले. ऑर्डर हातची गेली.

"अक्का, उद्यापासून येऊ नका," मालक म्हणाले.

अक्कांनी डबा पिशवीत टाकला. गेटपर्यंत गेल्या आणि परत आल्या. "मशीन बंद केलंस न्हवं?" एवढंच विचारलं. मला रडू फुटलं. मालकांचा राग आला, अक्कांचाही आला. एक कांडी ठेवली असती तर काय बिघडलं असतं?

पुढं मालकांनी गाजावाजा न करता रस जास्त वेळ ढवळायला लावला. नव्या मालाची कांडी मी मशीनला लावली, तेव्हा ते माझ्या मागं येऊन उभे राहिले. कांडी ताणत चालली.

"थांबवा!" मालकच ओरडले.

मी बटण दाबलं. कांडी कापली, घासली आणि डोळा लावला. कण सुटे-सुटे पसरलेले. भोकं इवलीशी, एकमेकांपासून लांब. गुठळी औषधालाही नाही!

"अक्का, बघा की!" सवयीनं म्हणत मी जागा करून दिली.

मागं मालक उभे होते, मान खाली घालून.