तिकिटाचं माणूस उभं

विमानात शेजारी बसलेले आबा आमच्या तेलगावकडचेच निघाले. सगळी हयात एसटीत कंडक्टरकी केलेली. लेक याच विमानात हवाईसुंदरी, म्हणून प्रवास फुकट.

विमान एकाएकी हादरायला लागलं. पट्टे बांधायला सांगितलं. संडासातून परतणारी एक बाई घाबरून आमची खुर्ची धरून उभी राहिली. तर हा माणूस पट्टा सोडून ताडकन उठला!

"बसा ताई. तुमी तिकीट काढलंय, मी फुकट हाय."

मी त्यांचा हात धरला. "अहो आबा, पडाल!"

"तिकिटाचं माणूस उभं, आन् मी बसू?"

लेक धावत आली. बाईला तिच्या जागेवर बसवून, बापाला खाली दाबून तिनं पट्टा आवळला. "आबा, ही एसटी न्हाई."

आबा बसले; पण उतरेपर्यंत खुर्चीच्या कडेलाच, दाराकडं बघत. जणू पुढच्या थांब्यावर कुणी चढणारच होतं.