मनात म्हणजे कुठे?

"सोप्पं आहे," असं कुणी म्हटलं, की मावशींच्या तळपायाची आग मस्तकात जायची. गेल्या महिन्याभरात हे वाक्य त्यांना सगळ्यांनी ऐकवलं होतं. हॉस्पिटलातल्या सिस्टरनी, घरी नवऱ्याने, लेकीने, आणि फोन उचलताना दर वेळी तो कट करणाऱ्या सासूबाईंनीसुद्धा.

हॉस्पिटलात त्यांना सगळे मावशीच म्हणत. आधी बरीच वर्षं त्या वॉर्डात होत्या, आणि वॉर्ड म्हणजे दिवसभर हाका. मावशी पाणी, मावशी चादर, मावशी इकडे या, मावशी कुठे गेलात. घरी गेलं की हाक तेवढी बदलायची. नवऱ्याचं "अगं", लेकीचं "आई", सासूबाईंचं "सूनबाई". मग त्यांची बदली तळघरातल्या निर्जंतुकीकरणाच्या खोलीत झाली. ऑपरेशनची वापरलेली हत्यारं तिथे येत. ती धुवायची, पुसायची, ट्रेमध्ये लावायची, दुहेरी कापडात बांधायची आणि वाफेच्या मोठ्या मशीनमध्ये घालायची. मशीन चालू असताना दार बंद ठेवायचा नियम होता आणि मशीनचा आवाज असा, की बाहेरून कुणी बोंब मारली तरी आत पोचू नये. मावशींना ती खोली जिवापाड आवडायची. अख्ख्या आयुष्यात त्यांना कुणी हाक मारत नाही अशी तेवढी एकच जागा होती.

आणि आता हॉस्पिटलने नियम काढला, की त्या खोलीत काम करायचं तर सर्टिफिकेट हवं. आधी ऑनलाइन कोर्स, मग ऑनलाइन परीक्षा. संधी तीन. तिन्ही हुकल्या तर परत वॉर्डात.

कोर्सबद्दल मावशींची तक्रार नव्हती. उलट त्यांना तो आवडला, हे त्या कुणाजवळ कबूल करत नव्हत्या एवढंच. मशीनमधून ओलं निघालेलं गाठोडं वापरायचं नाही, पुन्हा घालायचं, हे त्या इतकी वर्षं करत आल्या होत्या. का, ते कुणी सांगितलंच नव्हतं. कोर्समधल्या बाईंनी सांगितलं. ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत झिरपतात. मावशींना एवढा आनंद झाला की त्यांनी तो भाग तीनदा बघितला.

घोड्याने पेंड खाल्ली ती परीक्षेत. परीक्षा घरूनच द्यायची होती, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर, "शांत, एकांत खोलीत". हा नियम लिहिणाऱ्याच्या घरी खोल्या किती आणि माणसं किती, हे विचारायची सोय नव्हती. मावशींच्या घरी खोल्या दोन होत्या आणि माणसं चार.

पहिल्या खेपेला दुसऱ्याच प्रश्नावर सासूबाई आत आल्या. पडद्यावर सून दिसते आहे आणि तिच्यामागे आपणही दिसतो आहोत हे बघून त्यांनी केस सारखे केले आणि पलंगावर बैठक मारली. पडद्यावर लाल अक्षरं आली, 'दुसरी व्यक्ती आढळली. परीक्षा रद्द.'

"दुसरी म्हणजे?" सासूबाई भडकल्या. "मी काय परकी आहे?"

दुसऱ्या खेपेला सासूबाईंना शेजारी पाठवलं आणि दाराला कडी लावली. चार प्रश्न झाले आणि सूचना आली, 'बोलण्याची हालचाल आढळली.' मावशींनी मागे वळून बघितलं. खोलीत चिटपाखरू नव्हतं.

"आता कोण बोललं?" त्या म्हणाल्या, आणि दुसरी सूचना आली. तिसऱ्या सूचनेला परीक्षाच बंद. मावशींना रडू आलं, तेही दुःखाने नव्हे, संतापाने.

खरा प्रकार लेकीच्या लक्षात आला. "आई, वाचताना तुझे ओठ हलतात. कॅमेऱ्याला वाटतं तू कुणाला तरी विचारते आहेस. मनात वाच ना, सोप्पं आहे."

"मनात म्हणजे कुठे?"

"म्हणजे... आत."

"आत कुठे? तू कशी वाचतेस ते दाखव."

लेकीने पडद्यावरचं एक वाक्य वाचलं. म्हणजे तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं. "झालं," ती म्हणाली.

"काय झालं? मला काय दिसलं यात?"

उत्तर कुणाकडेच नव्हतं आणि सल्ला मात्र प्रत्येकाकडे होता. "डोळ्यांनी वाचायचं असतं, तोंडाने नाही," पेपरमागून नवरा म्हणाला. सिस्टर म्हणाल्या, "ओठ घट्ट मिटून बसा हो मावशी." मावशी ओठ मिटून बसल्या, तर अक्षरं दिसत, अर्थ लागेना. कोर्सच्या मदतकेंद्राला लेकीने लिहून विचारलं, तर तत्काळ उत्तर आलं, 'कृपया शांत ठिकाणी बसावे.' मग लेकीने मूक वाचन शिकवणारा एक व्हिडिओ शोधून दिला. त्यातला तरुण अर्धा तास कानठळ्या बसतील अशा आवाजात शांत राहायला शिकवत होता. मावशींनी तो बंद केला आणि कपाळाला हात लावला.

यात त्यांची चूक तरी काय होती? शाळेत त्या वाचायला शिकल्या त्या ओरडून. अख्खा वर्ग एका सुरात धडा म्हणायचा आणि गुरुजी रांगांमधून फिरायचे. ज्याचे ओठ थांबले त्याच्या पाठीत धपाटा. सातवीत शाळा सुटली आणि त्यानंतर मावशी काही वाचताना काय करतात हे बघायला कुणाला वेळ नव्हता. तेव्हा ओठ थांबले म्हणून मार, आता हलले म्हणून नापास. असली शिकवणूक देणाऱ्यांना एकदा ओळीने उभं करून जाब विचारावा, असं त्यांना फार वाटायचं.

वाट सापडली ती न्हाणीघरात. सकाळी दात घासून चूळ भरताना त्यांची नजर सहज टूथपेस्टच्या ट्यूबवर गेली. 'थंड आणि कोरड्या जागी ठेवावे. लहान मुलांपासून दूर ठेवावे.' पुढची ओळ अर्धी झाली तेव्हा त्यांना कळलं की आपण वाचतो आहोत, आपल्याला समजतं आहे, आणि तोंडात पाणी आहे. त्यांना असा ठसका लागला की आरसा भिजला.

त्या दिवसापासून मावशींनी घोटभर पाणी तोंडात धरून वाचायचा सपाटा लावला. साबणाच्या पुड्या, औषधांची वेष्टणं, जिन्यातल्या सूचना, जे हाती लागेल ते. सुरुवातीला दोन ओळींत पाणी पोटात जायचं, नाहीतर पदरावर. "काय, मिठाची गुळणी धरून बसलीस का?" नवऱ्याने विचारलं. मावशींनी मान हलवून हो म्हटलं. हळूहळू अख्खं पान होऊ लागलं. आणि मग एक दिवस ती 'आत'ची जागा त्यांना सापडली. कानांच्या मागे कुठेतरी कुणी धडा म्हणत होतं. आवाज त्यांचाच होता, शाळेतल्या वयाचा, पण ओरडत नव्हता. मावशी त्या दिवशी कारण नसताना सगळ्यांशी गोड बोलल्या.

तरी पाण्याशिवाय वाचायची हिंमत होईना. संधी शेवटची होती. परीक्षेच्या वेळी काही खाऊ-पिऊ नये असा नियम होता. आधीपासून तोंडात असलेल्या पाण्याबद्दल नियमांत काही नव्हतं. मावशींनी रविवारी सकाळी कडी लावली, घोट भरला आणि बटण दाबलं.

प्रश्न एकामागून एक येत गेले. आतला आवाज वाचत होता, ओठ जागच्या जागी होते. ओल्या गाठोड्याचा प्रश्न आला तेव्हा तर त्यांना हसू फुटायचं बाकी राहिलं. एवढ्यात बाहेरून हाक आली.

"अगं, माझा चष्मा कुठे आहे?"

चष्मा फ्रिजवर होता. मावशींना तो बसल्या जागेवरून दिसत असल्यासारखा ठाऊक होता, आणि उत्तर सवयीने घशापर्यंत आलंसुद्धा. संसाराला लागल्यापासून या "अगं"ला त्यांनी ओ दिली नाही असं कधी झालं नव्हतं. पण तोंड उघडलं असतं तर पाणी लॅपटॉपवर आणि त्या परत वॉर्डात. त्यांनी पुढचा प्रश्न वाचायला घेतला.

"अगं, ऐकतेस का? चष्मा!"

"अरे, तिची परीक्षा आहे ना!" सासूबाईंचा आवाज.

"एक शब्द सांगायला काय जातं तिचं?"

पावलं दारापर्यंत आली. कडी हलली. मावशींचे गाल फुगून दुखायला लागले होते. पडद्यावर सूचना आली नाही. पावलं परत फिरली. खुर्ची सरकली, ड्रॉवर उघडले आणि आपटून बंद झाले, कुणीतरी कुणावर तरी वैतागलं. मग नवऱ्याचा आवाज, जरा पडलेला.

"फ्रिजवर होता."

बस. एवढंच. छप्पर कोसळलं नाही, कुणी उपाशी राहिलं नाही. चष्मा शोधणारा माणूस स्वतः शोधून मोकळा झाला. मावशींनी शेवटचा प्रश्न सोडवला आणि बटण दाबलं. पडद्यावर हिरवी अक्षरं आली, 'उत्तीर्ण'. कॅमेऱ्याचा दिवा विझला.

"अगं, झालं का? चहा टाकतेस?"

आता बोलायला हरकत नव्हती. खिडकी हाताशी होती, पाणी कुंडीत थुंकून टाकायचं आणि ओ द्यायची, एवढंच काम होतं. मावशी खुर्चीत मागे टेकल्या, पाय लांब केले आणि ते कोमट झालेलं पाणी तोंडात तसंच धरून बसून राहिल्या.