स्वयंपाकघराचं दार

आईचे पाय गेल्यापासून बाबा तिला उचलून चुलीपाशी नेऊन बसवायचा. तिला ते मुळीच आवडायचं नाही. "मी काय भाताचा भारा आहे?" ती म्हणायची. शिबिरात चाकांची खुर्ची मिळाली तेव्हा तिला वाटलं, आता आपलं आपण जायचं. पण पोशेरा गावातल्या आमच्या घरात ती खुर्ची स्वयंपाकघराच्या अरुंद दारातच अडली.

घर कुडाचं. कारवीच्या काड्या बांधून वर शेणमाती लिंपलेली.

"छप्पर मेढींच्या खांबांवर आहे, कुडावर नाही," बाबा म्हणाला. "कापू. कॉलेजवाली, माप घे."

घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे मोजायचं काही निघालं की सगळे माझ्याकडे बघतात, आणि मला घाम फुटतो. मी सुतळी लावून या चाकापासून त्या चाकापर्यंत नीट मोजलं. बाबाने कोयत्याने कुड कापला, दाराचा खांब सरकवून पुरला, उंबराही काढून टाकला.

आईने चाकं फिरवली आणि दारातच ओरडली. खुर्ची जात होती, पण बोटं खांबाला खरचटली होती. मी रिकामी खुर्ची मोजली होती. चाकं फिरवणारे हात बाहेर येतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"कॉलेजात बिनहातांची माणसं असतात का ग?" बाबाने विचारलं.

"तिला काय बोलतोस? कोयता घे," आई बोटं चोखत म्हणाली.

खांब पुन्हा उपटला. या वेळी मी आईला खुर्चीत बसवून, हात चाकांवर ठेवायला लावून सुतळी धरली.

संध्याकाळी आई निघाली. उंबरा नसल्यामुळे तिच्याआधी कोंबड्याच आत गेल्या. त्यांना शिव्या घालत ती थेट चुलीपर्यंत पोचली आणि थांबली. चूल जमिनीवर, ती वर खुर्चीत. हात पोचेना. याचा विचार आम्ही तिघांनीही केला नव्हता.

बाबा पुढे झाला.

"हात नको लावू," आई म्हणाली. खुर्चीची दांडी धरून ती हळूहळू खाली घसरली, जमिनीवर टेकली आणि नागलीचं पीठ पुढे ओढलं.

"आणि परत वर कशी चढशील?" मी विचारलं.

"भाकऱ्या होऊ दे. मग मी हाक मारीन, तेव्हा या."

तोवर खुर्चीवर एक कोंबडी ऐसपैस बसली होती.