गडव्यावरचं नाव आणि हिरवं पाणी

भांडी घासायचंही शिक्षण असतं, हे मला म्हातारपणी कळलं. मोहाडीहून थोडं आत आमचं गाव. तिथल्या समाजमंदिरात भंडाऱ्याहून एक मॅडम आली आणि बचत गटाच्या बायांना सतरंजीवर बसवून भांडी घासायचं पाणी करायला शिकवून गेली. स्वस्त आणि पर्यावरणाला चांगलं, म्हणे. ज्यांचे हात जन्मभर राखेत गेले त्या बाया माना हलवून ऐकत होत्या. मी बाहेरच्या ओट्यावर होतो. बायको गेल्यापासून मी कुठंही बसतो, कोणी उठवत नाही.

मॅडमनं रिठे फोडून बिया काढल्या. लिंबाच्या साली, मीठ आणि पाणी घालून गॅसवर उकळलं, मिक्सरात फिरवलं, गाळलं, वर व्हिनेगर ओतलं. गॅस, मिक्सर, व्हिनेगर, आणि स्वस्त. मग म्हणाली, यात एकही केमिकल नाही. एवढं म्हणून पर्समधून एक लहानशी कुपी काढली आणि त्यात हिरवा रंग टाकला. बायांनी टाळ्या वाजवल्या. मी हसलो ते तिला दिसलं असावं.

"बाबाजी, तुम्ही कशानं घासता?"

"राखेनं."

"राखेनं हात खराब होतात."

"मंग? मले पाहाले का आता सोयरे येऊन राहिले?"

बाया पदराआड हसल्या. सूनबाई हसली नाही. ती बाटलीचं झाकण लावत बसली. गटाची अध्यक्ष ती होती, आणि सासरा असा.

घरची भांडी सून घासते, मुलगा खातो, मला त्यात काही बोलायचं नाही. पण एक भांडं मी कोणाला हात लावू देत नाही. बायकोचा पितळी गडवा. पाणी प्यायचा. तिच्या मामानं आंदणात दिलेला, आणि गळ्याशी ठिपक्या-ठिपक्यांनी तिचं नाव घातलेलं. माहेरचं नाव. लग्नात आमच्याकडं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरले, भटजीनं माझा हात धरला आणि अंगठीनं नवं नाव लिहून घेतलं. मी चौथी शिकलेला, मला वाटलं मोठं काम केलं. त्या दिवसापासून मतदार यादीपासून दवाखान्याच्या चिठ्ठीपर्यंत सगळीकडं तेच नवं. जुन्या नावानं तिला हाक मारणारी माहेरची माणसं एकेक करून गेली. मी तर कोणत्याच नावानं मारली नाही. 'आयकलं का' म्हणायचो, ती वळायची. म्हणजे जुनं नाव आता जगात एकाच ठिकाणी राहिलं होतं, त्या गडव्याच्या गळ्याशी.

समाजमंदिरातून आलो तो फणफणतच. म्हटलं दाखवतो यांना राख काय असते. चूल गेली, घरात राख नाही. मी राईस मिलच्या मागच्या ढिगातून कोंड्याची राख घमेल्यात आणून ठेवतो. तणसाची, म्हणजे भाताच्या काडाची, मूठ केली, राख घेतली आणि गडवा असा घासला की हात भरून आला. उन्हात धरला. सोन्यासारखा. सुनेनं हिरव्या पाण्यानं घासलेल्या पातेल्याशेजारी नेऊन ठेवणार होतो, तिचं तोंड पाहायला.

तेवढ्यात गळ्याकडं लक्ष गेलं. पहिलं अक्षर नव्हतं.

बोट फिरवलं. गुळगुळीत. दुसरं अक्षर अर्धं. बायको राख फडक्यातून गाळून घ्यायची आणि नावावर नुसता हात फिरवायची. मला वाटायचं, बाईमाणसाचे चोचले. मिलची राख खरखरीत, त्यात खडे, आणि मी सकाळ-संध्याकाळ तीच रगडत होतो. मॅडमला उत्तर द्यायला निघालो आणि उरलंसुरलं घासून टाकलं.

गडवा कोनाड्यात ठेवला. काही दिवस स्टीलच्या गिलासानं पाणी प्यायलो. पाण्याला चव नव्हती.

इकडं हिरव्या पाण्याचं काय झालं तेही सांगतो. गटानं बाटल्या भरल्या, वर पानाफुलांचे कागद चिकटवले, मोहाडीच्या बाजारात न्यायच्या म्हणून आमच्या पडवीत रांगेनं ठेवल्या. उन्हाळ्याचे दिवस. आठवडी बाजाराच्या आत त्या फुगल्या, आणि एकेकीची झाकणं उडाली. आंबूस वास आमच्या घरातून चौकापर्यंत. सून पडवी पुसत होती. मी म्हटलं,

"पर्यावरण सांडलं वाटते."

"हसा मामाजी, हसा. तुमची राख तरी कोणतं भलं करून राहिली? गडवा कोनाड्यात काहून बसला मंग?"

तिला सगळं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी ती शेजारी गेली तेव्हा मी तिचे उरलेले रिठे घेतले. बायको रिठ्यानं डोकं धुवायची, एवढं मला आठवत होतं. रिठे रात्री भिजवले, सकाळी हातानं कुस्करले. गॅस नाही, मिक्सर नाही, रंग तर नाहीच. लिंबूही नाही. लिंबानं अक्षरातलं काळं निघतं, आणि काळं आहे म्हणून अक्षर दिसतं. बाटलीत भरून सडवायचंही नाही. लागेल तेवढंच करायचं. बायकोच्या जुन्या लुगड्याचा तुकडा त्यात बुडवला आणि गडव्यावरून फिरवला. फेस आला, थोडाच. मळ गेला, राखेइतका चकाकला नाही. न चकाको.

सून दारात उभी होती. कधी आली कळलं नाही. वाटलं आता सूड घेईल. ती खाली बसली, गडवा हातात घेतला, आणि मी घेऊ दिला.

"नाव हाय का यावर? सासूमायचं तर हे नाव नव्हतं."

"होतं."

तिनं उजेडाकडं धरून वाचायला घेतलं. पहिल्या अक्षराशी अडली. अंगठा फिरवून पाहिला.

"समोरचं अक्षर गेलं ना, मामाजी. काय होतं?"

मी सांगितलं. एक अक्षर सांगून भागेना, म्हणून पूर्ण नाव सांगितलं. ते माझ्या तोंडून तेव्हाच पहिल्यांदा निघालं. तिनं माझ्यामागून म्हटलं, हळू, दोनदा. मग रिठ्याच्या पाण्यात बोट घालून म्हणाली, "फेस लयच कमी हाय तुमचा."

"तुझ्या मॅडमले विचार," मी म्हटलं. "आणि गडवा उलटा ठेव. आतून वाळू दे."