देवानं दिलेलं कडं

संग्रहालयात प्राचीन इराणमधल्या एका कातळशिल्पाचं मोठं छायाचित्र लावलं होतं. देव स्वतःच्या हातानं राजाला सत्तेचं कडं देतो आहे. माझ्याबरोबर वसुधा होती. आम्ही दोघी एकाच बाईंकडे गाणं शिकलो.

"राजानंच कोरून घेतलं असणार," ती हसली. "देवानं दिलं कशावरून?"

मला हसू आलं नाही. आजारी बाईंनी आपला तानपुरा वसुधाच्या मांडीवर ठेवला, तेव्हा मी शेजारीच बसले होते. माझाही हात नकळत पुढे झाला होता. तो मी पदराखाली घेतला.

त्या राजावर शंका घ्यायला निदान जागा आहे. वसुधाच्या बाबतीत तेवढीही नाही. कुणी विचारलंच, तर साक्ष मलाच द्यावी लागेल.