फोटोत न दिसलेली विहीर

पिशोरला जायचं ठरलं ते एका फोटोमुळे. माझी मुलगी ऋचा उपग्रहाच्या फोटोंवरून नकाशे काढते. तिथल्या माझ्या माहेरच्या शेताचा फोटो तिनं कौतुकानं मला मोबाइलवर पाठवला. गोठ्याचा पत्रा दिसला, बांध दिसले. विहिरीच्या जागी मात्र नुसता तपकिरी डाग!

जमिनीचं हक्कसोडपत्र करताना धाकट्या भावाकडे, अण्णाकडे, मी एकच मागितलं होतं: विहीर बुजवू नकोस. कॉन्व्हेंटच्या होस्टेलवरून सुट्टीला आले की बाबा माझ्या पाठीला सुका भोपळा बांधून मला पोहायला तिच्यात सोडत. फोनवर "बुजवलीस का?" विचारायला जीभ रेटेना. रविवारी ऋचाला म्हटलं, गाडी काढ.

फुलंब्रीपर्यंत रस्ता छान आहे. तिथं चहा-भजी घ्या, दोघांचं शंभरात भागतं. पुढे पिशोरच्या रस्त्याला मक्याचे ट्रॅक्टर असतात, घाई नको.

भजी खाताना मी मनातलं बोलले. ऋचा हसली.

"अगं आई, पाठवताना फोन फोटो हलका करतो. जवळपास सारखे रंग एकमेकांत मिसळून टाकतो. वरून विहीर ठिपक्याएवढी, कठडा मातीच्याच रंगाचा, गेली असेल मिसळून. म्हणून तर आम्ही असल्या फोटोवरून नकाशा काढत नाही."

"मूळ फोटोत आहे का?"

"तो ऑफिसात आहे. मी नीट पाहिलं नाही गं."

मग भजी काही गोड लागली नाहीत.

घरी न थांबता मी थेट शेतात गेले. कठडा होता. आत हिरवं, गार पाणी होतं. मी तिथंच बसले.

मागून भावजय आली. "वन्सं, आधी घोटभर पाणी तरी प्या!"

तोवर ऋचानं सगळं सांगून टाकलं होतं. अण्णा कमरेवर हात ठेवून उभा.

"बुजवली? मंग आमी काय पितो आक्का, तुझ्या लेकीचा नकाशा व्हय?" मग हळूच म्हणाला, "शब्द दिला व्हता ना तुला."

बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत मी दोनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ऋचानं ऑफिसातून मूळ फोटो पाठवला. "बघ, केवढी स्पष्ट आहे!" सवयीनं पुन्हा साधा फोटो म्हणूनच पाठवला होता, विहीर पुन्हा गायब. (तुम्ही फोटो पाठवाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसाच्या तसा पोचतो.)

या वेळी मी 'गाडी काढ' म्हटलं नाही. तो फोटो मी अण्णाला पाठवला: "बघ, परत गेली."

लगेच उत्तर आलं: "मंग तू पन परत ये."