मी चुकीचा ऐकलेला शब्द

तिसरा तास चालू होता. सहावीच्या फळ्यावर मी अपूर्णांकाचं एक गणित सोडवत होते, तेवढ्यात आमचे शिपाई बबनभाऊ दाराशी येऊन उभे राहिले. एरवी ते व्हरांड्याच्या टोकापासूनच 'म्याडम' अशी हाक देत येतात. त्या दिवशी नुसते उभे होते, टोपी हातात घेऊन. मी खडू खाली ठेवला. "सिस्टर गेल्या," ते म्हणाले. "पुण्यावरनं फोन व्हता." मग हळूच म्हणाले, "पोरान्ला सांगू नका इतक्यात." मी मान हलवली, खडू उचलला आणि राहिलेलं गणित पूर्ण केलं. त्याचं उत्तर चुकलं होतं.

सिस्टर मार्था आमच्या मुख्याध्यापिका होत्या. मंचरहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्याला एक फाटा फुटतो, तिथून आत गेलं की आमची मिशनची शाळा लागते. सिस्टर नगर जिल्ह्यातून इथे आल्या तेव्हा शाळेमागच्या कॉन्व्हेंटमध्ये नऊ सिस्टर होत्या. मी नोकरीला लागले तेव्हा तीन उरल्या होत्या, तिघीही साठीच्या पुढच्या. नव्या मुली आता सिस्टर व्हायला येत नाहीत, हे त्या स्वतःच सांगायच्या, पावसाने या वर्षी ओढ दिली असं सांगावं तशा सुरात. त्यांच्या संस्थेने कळवलं होतं की शिक्षकांपैकी कुणी पुढे येऊन शाळा चालवणार असेल तर ठीक, नाहीतर एकेक वर्ग कमी करत ती बंद करायची. शिक्षकांमधून माणूस उभा करायला सिस्टरांकडे तीन वर्षं होती.

त्यासाठी त्या शनिवारी अर्धी शाळा सुटली की आम्हा अकरा शिक्षकांना चौथीच्या वर्गात बसवायच्या. आमच्यात ख्रिस्ती दोघेच. बाकी सगळे आजूबाजूच्या गावांतले, शेती सांभाळून नोकरी करणारे. पहिल्या शनिवारी सगळ्यांच्या मनात एकच धास्ती होती. माझ्या वडिलांनीही घरी तेच विचारलं होतं, धर्म बदलायला तर लावणार नाहीत ना... गाडेकर सरांनी ते सिस्टरांना तोंडावर विचारलं. गाडेकर सर गणिताचे, शाळेत सगळ्यात जुने आणि जिभेला हाड नसलेले. सिस्टर हसल्या. "सर, तुमचा सोमवार तुम्ही धरा," त्या म्हणाल्या. "भीमाशंकरला जाल तेव्हा माझ्या गुडघ्यांसाठी पण काहीतरी मागा." त्यांचं म्हणणं एवढंच होतं की ज्याचा जो देव असेल तो त्याचाच राहू द्या, पण वर्गात पाऊल टाकताना तो बघतोय असं समजून टाका. या आठवड्यात आपण कुठल्या मुलाकडे एकदाही पाहिलं नाही, हे त्या प्रत्येकाला विचारायच्या. उत्तर द्यायला लोक लाजायचे. काही जण चिडायचेही, कारण विचार करायला लागलं की एखादं नाव निघायचंच.

मला चारचौघांत बोलता येत नाही. मी माझं उत्तर चिठ्ठीवर लिहून जाताना त्यांच्या टेबलावर ठेवायचे. सिस्टरांनी कधी त्याबद्दल टोकलं नाही. सोमवारी माझ्या हजेरीपटात त्यांची उलट चिठ्ठी असायची, त्यांच्या तिरक्या अक्षरात एखादी ओळ. एकदा मी लिहिलं होतं की मागच्या बाकावरच्या मुलाची मला भीती वाटते. त्यांनी उलट लिहिलं होतं, 'त्यालाही तुझी वाटते, मी विचारलं.'

पुढचं सांगायचं तर आधी माझ्या घराबद्दल सांगायला हवं, आणि तेच मी आजवर टाळत आले. माझे आजोबा मेंढरं राखायचे. चुलते अजून राखतात. वडील मंचरला येऊन टेम्पो चालवायला लागले आणि त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं. तिसरीत असताना एकदा मला घ्यायला चुलते आले. खांद्यावर घोंगडी, डोक्याला तांबडं मुंडासं. दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात शिरले की मागच्या मुली तोंड मिटून मेंढरासारखा आवाज काढायच्या. बाईंनी विचारलं तर कुणीच काही केलेलं नसायचं. ते वर्षभर चाललं. त्यानंतर मी कुठेही गेले तरी कुणाची, कुठली, हे सांगायचं बंद केलं. मिशनच्या शाळेतही कुणाला माहीत नव्हतं. स्टाफरूममध्ये कुणी वर्गातल्या पोरांना सहज 'मेंढरं' म्हणालं तरी मी खाली बघून वह्या तपासत राहायचे.

गेल्या दिवाळीनंतर चौथीतली सोनाली यायची बंद झाली. तिच्या घरची मेंढरं दिवाळी झाली की आणे पठाराच्या बाजूला जातात, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी बसवायला. ती कुठे असतील हे मला ठाऊक होतं, कारण आमचीही त्याच वाटेने जायची. मी चिठ्ठीत एका गावाचं नाव लिहिलं. सिस्टरांनी विचारलं, तुला कसं कळलं? कुणाकडून तरी ऐकलं, असं मी सांगितलं. त्यांनी मला जीपमध्ये बसवलं आणि आम्ही गेलो. कांद्याच्या रिकाम्या वावरात कळप बसला होता. रस्त्यापासून पालापर्यंत जायला कळपातूनच वाट होती. मी पुढे, सिस्टर गुडघे सांभाळत मागे. पालाशी चुलीपुढे एक म्हातारी बसली होती. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "कुनाची गं तू? तोंड वळखीचं वाटतंय."

ती माझी आत्या होती, वडिलांची चुलत बहीण. माझ्या बारशाला तिने मला मांडीवर घेतल्याचा फोटो आमच्या घरी आहे.

"मंचरची," मी म्हणाले.

"मंचरची म्हंजी कुनाची?"

"तुम्ही नाही ओळखणार."

आत्याने चहा टाकला आणि आम्ही तो घेतला. सिस्टरांनी सोनालीच्या आईशी बोलून ठरवलं की मुलगी आठवडाभर कॉन्व्हेंटमध्ये राहील आणि शनिवारी तिचा बाप तिला घेऊन जाईल. परतीच्या वाटेवर सिस्टर डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं, त्यांनी सगळं ऐकलंय आणि आता त्या मला काय म्हणावं ते ठरवतायत.

पुढच्या शनिवारी त्यांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. म्हणाल्या, मी खूप दिवस शोधत होते, स्नेहलने पुढे यावं असं मला वाटतं. मग म्हणाल्या, "शाळेला मुख्याध्यापक कुणीही मिळेल. मेंढपाळ हवा." गाडेकर सर लगेच म्हणाले, "म्हणजे आम्ही मेंढरं का सिस्टर?" सगळे हसले. कुणीतरी मागून आवाजही काढला, में करून, गमतीने. सिस्टरही हसत होत्या.

मला पुढचं काही ऐकू आलं नाही. सगळ्यांत जास्त लागलं ते सिस्टरांचं हसणं. आत्यापुढे मी जे केलं त्याची ही शिक्षा आहे, असं मी धरून चालले. पुढच्या शनिवारपासून मी जाणं बंद केलं. कधी डोकं दुखतंय, कधी वडिलांना घेऊन दवाखान्यात जायचंय. चिठ्ठ्याही बंद केल्या. नाताळच्या आधी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. समोर बसायला सांगितलं आणि विचारलं, "माझं काही चुकलं का गं?" मी नाही म्हणाले. "मग हो किंवा नाही, एक काहीतरी सांग. नाही म्हणालीस तरी चालेल बाळ, पण सांग." मी म्हणाले, विचार करते. विचार कसला करणार होते... मला फक्त त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं.

जानेवारीत त्या फार आजारी पडल्या आणि त्यांना पुण्याच्या दवाखान्यात हलवलं. मी एकदाच भेटायला गेले. त्यांच्या नाकात नळी होती. बोलणं फार नव्हतं. सोनाली गुणाकार शिकली का, एवढं विचारलं. मी हो म्हणाले. मग त्यांनी भुवया उंचावल्या, दुसरं काहीतरी विचारत असल्यासारख्या, आणि मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी घोटभर पाणी घेतलं. मी तिथे वीस मिनिटं होते. वीस मिनिटांत एक शब्द बोलता आला असता.

दफनाला आम्ही सगळे शिक्षक पुण्याला गेलो. गाडेकर सरांनी मूठभर माती टाकली आणि तिथेच खाली बसले. त्यांना दोघांनी धरून उठवावं लागलं.

तीन आठवड्यांनी सिस्टर रिटांनी मला कॉन्व्हेंटमध्ये बोलावलं. त्या आणि सिस्टर मार्था गेली कितीतरी वर्षं शेजारच्या खोल्यांत राहत होत्या. मार्थाच्या सामानात तुझ्या चिठ्ठ्यांची एक जुडी आहे, ती घेऊन जा, असा निरोप होता. चिठ्ठ्या हातात घेतल्या आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं मी त्यांच्यापुढे बोलून गेले. माझं घर, आत्या, तो शब्द, ते हसणं. सिस्टर रिटा मधेच मला थांबवायला लागल्या. त्यांना काही केल्या कळेना मी कशाबद्दल बोलतेय.

"तुझ्या घरी मेंढरं होती?" त्या म्हणाल्या. "मार्थाला हे माहीत नव्हतं. मला तरी आत्ता कळतंय. अगं, तिचा डावा कान गेलेला होता, म्हातारी काय म्हणाली ते तिला कुठे ऐकू आलं असणार."

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्याकडे मेंढपाळ म्हणजे ज्याच्या हाती माणसं सोपवायची तो. बिशपांना तेच म्हणतात. त्यांच्या प्रार्थनेत देवालाही तेच म्हणतात. त्याहून मोठा शब्द मार्थाकडे नव्हता. "पठारावरून आली त्या दिवशी जेवताना मला सांगत होती," त्या म्हणाल्या, "मी मागून चालले तर मेंढरं उधळायला लागली, पण ती पोरगी पुढे चालत होती तेव्हा एक मेंढरू बुजलं नाही. रिटा, मला माणूस मिळाला."

मी तिथेच भिंतीला टेकून बसले. मी हो म्हणते सिस्टर, मी म्हणाले, आता सांगते, मी हो म्हणते. सिस्टर रिटांनी माझा हात धरला आणि सांगितलं की उशीर झालाय. नाव कळवायची मुदत नाताळपर्यंत होती. नाव गेलं नाही म्हणून संस्थेने निर्णय घेतला आहे. जूनला पहिलीचे प्रवेश होणार नाहीत. दोन वर्षांत कॉन्व्हेंटही रिकामं होईल. आठवडाभर कॉन्व्हेंटमध्ये राहणाऱ्या सोनालीसारख्या मुली कुठे जाणार, हे मी विचारलं. त्यांनाही ते माहीत नव्हतं.

त्यांनी मला मार्थांची खोली उघडून दिली. लोखंडी पलंग, गुंडाळून ठेवलेली गादी, खिडकीशी टेबल. खणात संस्थेला लिहिलेलं पत्र होतं, तिरक्या अक्षरात, पाठवायचं राहिलेलं. शाळेबद्दल दीड पान. मग एक ओळ, 'पुढील जबाबदारीसाठी मी ज्यांचं नाव सुचवते त्या', आणि पुढे पट्टी लावून पेन्सिलीने ओढलेली रेघ, पार समासापर्यंत. तारखेची जागासुद्धा कोरी. नाही म्हणून कळवून त्या मोकळ्या झाल्या असत्या, किंवा मला न विचारता नाव घातलं असतं तरी त्यांना कुणी अडवलं नसतं. त्या थांबल्या. माझ्यासाठी थांबल्या आणि मुदत गेली.

मी त्यांच्या टेबलाशी बसून त्या रेघेवर माझं नाव लिहिलं. वडिलांचं, मग आडनाव. तरी जागा उरली, तेव्हा आजोबांचं नाव, गावाचं नाव, आणि पुढे: दिवाळीनंतर मुक्काम आणे पठार, व्यवसाय मेंढपाळ. पत्र त्याच दिवशी मंचरहून रजिस्टर पोस्टाने पाठवलं. मुदत संपल्यावर आलेल्या पत्राचं ते काय करतील, मला माहीत नाही.

उत्तर आलेलं नाही. बबनभाऊ रोज फाट्यावर जाऊन पोस्टमनला गाठतात. परत येताना हात रिकामे असले की ते माझ्या वर्गाच्या बाजूने न येता मागच्या कुंपणाकडून येतात. आज मी खिडकीतून पाहिलं. ते कुंपणाकडूनच येत होते.